‘हे दुखणे आपल्याकडचे नव्हे’ म्हणणाऱ्यांस

ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जडलेले मानसिक विकार, ही पाश्चात्त्यांची आणि त्यातही सुखवस्तू पाश्चात्त्यांची व्याधी आहे. आपल्याकडे ती आलीच तर टीव्ही, इन्स्टाग्राम आणि जिम यांच्या वाटेने आली. आणि चार दिवस आईच्या हातचे गरम जेवण यापरते तिच्यावर औषध नाही. हे मत आपल्या सुशिक्षित घरांत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. डॉक्टर ते बोलून दाखवतात, प्राध्यापक बोलून दाखवतात, स्त्रियांच्या प्रश्नांवर हयात घालवलेल्या कार्यकर्त्याही बोलून दाखवतात. ते खोडून काढणे हा या लेखाचा हेतू आहे. पण आधी ते त्याच्या पूर्ण बळानिशी उभे केले पाहिजे. पूर्वपक्ष लंगडा मांडून जिंकण्यात काही मोठेपणा नाही.

पूर्वपक्ष असा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी या आजाराचे नावही कोणी ऐकले नव्हते. त्या उपवास करत, वर्षाकाठी पुष्कळ करत, पण दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून कामाला लागत. भरल्या अंगाची सून ही घराची शोभा मानली जाई. मग पडद्यावर मुठीत मावणाऱ्या कंबरेच्या नायिका आल्या आणि मुली पानावरून उठू लागल्या. याला पुरावाही आहे, आणि तो भक्कम आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली टीव्ही पोचला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तिथल्या शाळकरी मुलींच्या हाती एकच प्रश्नावली दिली. धोक्याच्या पातळीचे गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन घटवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी त्या ११.३ टक्के होत्या. दणकट बांध्याला मान देणारा समाज तीन वर्षांत असा पालटत असेल, तर दोष कोणाचा हे आणखी सांगायला हवे काय?

पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा नैतिक आहे, आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांना. निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसे रक्त नसलेल्या देशात, समोर आलेले ताट सारणाऱ्या मुलींची काळजी वाहत बसणे हे चोचले नव्हेत काय? मेळघाटात किंवा नंदुरबारात कुपोषणाशी झगडलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर देणे आपण लागतो.

आधी इतिहास पाहू. १६८९ साली, म्हणजे इकडे संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच साली, लंडनमध्ये रिचर्ड मॉर्टन या वैद्याचा क्षयरोगावरचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात दोन रुग्ण असे आहेत की ज्यांना ना ताप, ना खोकला, ना दम; पण शरीर मात्र झिजत चाललेले. पहिली रुग्ण अठराव्या वर्षातली मुलगी. १६८४ च्या जुलैत तिची पाळी बंद झाली. मॉर्टनने कारण दिले ते मनाला लागलेल्या चिंतांचे. ती सदान्‌कदा पुस्तकांवर वाकलेली असे. हाडांवर नुसते कातडे उरलेला इतका झिजलेला जिवंत माणूस आपण दुसरा पाहिला नाही, अशा आशयाचे मॉर्टनने लिहून ठेवले आहे. औषधांना कंटाळून तिने ती नाकारली आणि तीनेक महिन्यांत मूर्च्छा येऊन गेली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, एका पाद्र्याचा. त्याला अभ्यास सोडून खेड्यात जायला लावले, दुधावर ठेवले, आणि तो बराचसा सावरला. यात टीव्ही कुठे आहे? जिम कुठे आहे? पुढे १८७३ साली पॅरिसात शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी याच अवस्थेचे नीट वर्णन केले. गल यांनी तिला दिलेले ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही चालते. सिनेमाचा जन्म अजून व्हायचा होता.

यावर उत्तर येईल की ठीक आहे, पण हे सगळे युरोपातले. मान्य. तरी त्यावरून ते आपल्याकडे नव्हते असे सिद्ध होत नाही. आज्यांच्या काळी हा आजार नव्हता याला पुरावा काय? कोणी नोंदवला नाही, एवढाच. बाळंतपणात कोण कशाने गेली याचीही धड नोंद जिथे नव्हती, तिथे न जेवता झुरणाऱ्या सुनेची नोंद कोण ठेवणार होते? ‘बाहेरचे लागले’, ‘पोटात काही ठरत नाही’, ‘सासर मानवले नाही’ असल्या सदरांखाली ती जमा होत असे. नोंद नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

आता फिजी. बेकरबाईंचे काम नाणावलेले आहे आणि त्यांचे आकडे मी नाकारत नाही. पण ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे वाचकाने स्वतः ठरवावे. दोन्ही वेळी मुलींची संख्या साठ-पासष्टच्या घरात होती. मोजले गेले ते प्रश्नावलीतले गुण, रोगनिदान नव्हे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पहिली फेरी झाली तेव्हा टीव्ही येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते, तरी १२.७ टक्के मुली आधीच धोक्याच्या पातळीवर होत्या. त्या कोणी बिघडवल्या? शिवाय पडदा सगळ्याच गावाने पाहिला आणि सत्तर टक्के मुलींना काही झाले नाही, याचे उत्तर पडद्यात सापडत नाही. २०१९ साली अ‍ॅनोरेक्सियाच्या सुमारे सतरा हजार रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचात या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या, आणि त्यांचे नाते मनाच्या इतर आजारांशी तसेच शरीराच्या चयापचयाशीही निघाले. टीव्ही आणि मोबाइल आगीत तेल ओततात, हे मी शंभरदा मान्य करीन. आग त्यांनी लावली, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

पूर्वपक्षाला खरा धक्का बसतो तो इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात. तिथे दक्षिण आशियातून, मुख्यतः पाकिस्तानातून गेलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मम्फर्ड आणि व्हाइटहाउस या दोन संशोधकांनी तिथल्या २०४ आशियाई आणि ३५५ गोऱ्या शाळकरी मुलींची तपासणी केली आणि १९८८ साली निष्कर्ष छापले. बुलिमिया, म्हणजे एका बैठकीत भान सुटून खाणे आणि मग ते ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा उपाशी राहून फेडणे, हा आजार गोऱ्या मुलींत दोघींना निघाला. आशियाई मुलींत सात जणींना. ‘पाश्चात्त्य व्याधी’ पश्चिमेच्या मुलींत कमी आणि आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलींत जास्त!

पण थांबा, पूर्वपक्ष म्हणेल की त्या मुली इंग्लंडात वाढल्या, विलायती वाऱ्याने बाधल्या. हीच शंका त्या संशोधकांनाही आली. त्यांनी पाहिले की कोणत्या मुलींचे गुण जास्त धोक्याचे आहेत: इंग्रजी बोलणाऱ्या, इंग्रजी कपडे घालणाऱ्या, की घरी मातृभाषा बोलणाऱ्या, सलवार-कमीज घालणाऱ्या? १९९१ साली उत्तर छापून आले. जास्त पारंपरिक वळणाच्या मुलींचे.

हा पुरावा मला सोयीचा आहे म्हणून मी इथेच थांबलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. याच मंडळींनी पुढे लाहोरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही पाहणी केली, आणि तिथे उलटे निघाले: जास्त विलायती वळणाच्या मुलींना धोका जास्त. मग खरे काय? माझ्या मते दोन्ही खरे. लाहोरात जी मुलगी आजूबाजूच्यांपेक्षा विलायती आहे आणि ब्रॅडफर्डात जी आजूबाजूच्यांपेक्षा देशी आहे, त्या दोघींची कोंडी एकच. घर एक मागते, शाळा दुसरे मागते. कशावरच तिचा हुकूम चालत नाही. चालतो तो फक्त स्वतःच्या पोटावर. हा माझा तर्क आहे, तो खोडायला वाचक मोकळा आहे. पण ‘विलायती वळण म्हणजे आजार’ हे समीकरण मात्र ब्रॅडफर्डनंतर टिकत नाही.

तरीही आपल्या डॉक्टरांना असे रुग्ण फारसे दिसत नाहीत, हे खरेच आहे. का दिसत नाहीत? कारण ते आरशासमोर उभी असलेली मुलगी शोधत असतात. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली अ‍ॅनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या २९ जणांना लठ्ठ होण्याची भीती होती. ४१ जणांना ती नव्हतीच. पोट फुगते, भूकच लागत नाही, घास उतरत नाही, असे ते सांगत. पण उपासमार तीच होती. १९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल प्रभृती डॉक्टरांनी पाच तरुण स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. जेवायला नकार, सतत उलट्या, खूप घटलेले वजन, बंद पडलेली पाळी. पण ‘मी जाड दिसते’ हे पालुपद नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००७ साली मुलांतल्या आणि किशोरवयीनांतल्या खाण्याच्या विकारांची पाहणी मांडली, तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला तो मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्यांचा. अखेर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथालाही २०१३ च्या आवृत्तीत सैल व्हावे लागले. रुग्णाने लठ्ठपणाची भीती तोंडाने बोलून दाखवलीच पाहिजे, हा आग्रह सुटला. वजन वाढू न देणारे वर्तन सतत दिसले तरी पुरे. पाळी थांबण्याची अटही गेली.

आपल्याकडे या मुलीचे काय होते ते जवळून पाहा. उलट्या होतात म्हणून तिला ‘पित्त’ ठरते. पित्ताच्या गोळ्यांनी भागत नाही म्हणून दुर्बीण घालून पोट पाहिले जाते. त्यात काही निघत नाही. पाळी नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेतात. तिथे हार्मोनच्या गोळ्या मिळतात, गोळ्यांनी पाळी येते, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रोग जिथल्या तिथे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर दात लागून पडलेले घट्टे कोणी पाहत नाही, कानाखाली सुजलेल्या लाळग्रंथी ‘गाल भरले’ म्हणून कौतुकाच्या होतात, दातांचे झिजलेले कवच दंतवैद्य बुजवतो आणि विचारत काही नाही. घरात ती स्वयंपाक उत्तम करते. पाककृती वाचत बसते, भावाला आग्रहाने तिसरी पोळी वाढते, आणि स्वतःच्या पानातल्या अर्ध्या पोळीचे नखाएवढे तुकडे करून कोशिंबिरीभोवती असे पसरते की पान भरलेले वाटावे. ‘मी मघाशीच खाल्ले’ हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा ऐकू येते हे आईला विचारा. जेवणानंतर न्हाणीघरातला नळ किती वेळ वाहतो, हेही.

उपवासांविषयी इथे बोलणे भाग आहे, कारण पूर्वपक्ष त्यांना ढालीसारखे पुढे करतो आणि काही नवशिके सुधारक उलट उपवासालाच आजार ठरवतात. दोघेही चुकतात. उपवासाला पंचांगात जागा असते, सोबतीला घर असते, साबुदाण्याची खिचडी नि वरीचा भात असतो, आणि मुख्य म्हणजे पारणे असते. संकष्टीचा उपवास चंद्र उगवला की सुटतो, मोदकावर सुटतो. आजारी मुलीचा उपवास सुटतच नाही. पण तो लपतो मात्र उपवासातच! सोमवार होता, त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार, मग संकष्टीबरोबर विनायकीही. घरची माणसे श्रद्धा वाढली म्हणून सुखावतात. न जेवण्याला जिथे पुण्याचे वस्त्र मिळते आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी बाई आदर्श ठरते, तिथे हा आजार बाहेरून यायची गरज काय? लपायला जागा आपणच करून ठेवली आहे.

संख्येचा मुद्दा थोडक्यात निकालात काढतो. बंगळुरातल्या मनोविकारतज्ज्ञांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी खाण्याच्या विकाराचा किमान एक रुग्ण पाहिला होता. हे मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोचलेले रुग्ण. पित्ताच्या गोळ्यांवर थांबलेले यात नाहीत.

राहिला चोचल्यांचा आरोप. त्याला तीन उत्तरे आहेत, आणि पहिले सर्वांत कठोर आहे. ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ सहापट निघाला, आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा होता. ज्यात माणसे मरतात त्याला चोचले म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. दुसरे असे की गरिबी या आजारापासून संरक्षण देत नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात गरिबांना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांवर आलेल्या ५०३ लोकांचा अभ्यास २०१७ साली छापून आला. ज्यांच्या घरी अन्नाची टंचाई सर्वांत तीव्र, त्यांच्यातच भान सुटून खाण्याचे आणि खाण्याच्या इतर विकारांचे प्रमाण सर्वांत जास्त. यात नवल काय? महिनाअखेर पोट मारायचे आणि शिधा आला की तुटून पडायचे, या चक्राने खाण्याची घडी विस्कटणार नाही तर काय होईल? ‘भुकेली बाई की विकारग्रस्त बाई’ अशी निवड पूर्वपक्ष आपल्यापुढे ठेवतो, पण ती कधीकधी एकच बाई असते.

तिसरे उत्तर लठ्ठपणाविषयी आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. बुलिमियाचे पहिले पद्धतशीर वर्णन जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली लंडनमध्ये तीस रुग्णांवरून केले. त्या सांगाड्यासारख्या नव्हत्या, बहुतेकींचे वजन चारचौघींसारखे होते. भान सुटून खाण्याचा विकार तर अनेकदा जाड अंगात राहतो. आपल्या त्याच राष्ट्रीय पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. त्यांच्यातली एखादी दवाखान्यात जाते तेव्हा तिला काय मिळते? डाएट चार्ट. नाहीतर शेजारणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे वजन घटवण्याचे वेळापत्रक. रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी राहून ती डबे रिकामे करते का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. कडक पथ्य मोडते, मोडल्याची शरम वाटते, शरमेतून पुन्हा डबे उघडतात. पथ्यानेच आजार पोसला जातो.

इथून उपचारांकडे येऊ. ‘चार दिवस नीट जेवली की बरी होईल’ हे मत घराघरांत आहे. त्याची शिकलेली आवृत्ती ‘आहारतज्ज्ञाकडे पाठवा’ अशी आहे. आणि उलट्या बाजूची आवृत्ती समुपदेशकांकडून ऐकू येते: मन मोकळे झाले की भूक आपोआप लागेल. तिन्हींत सत्याचा अंश आहे आणि तिन्ही घातक आहेत.

मनवाल्यांचे आधी घेऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने त्यात उतरले. सगळे पुरुष, सगळे धडधाकट, मनानेही खणखणीत म्हणून निवडलेले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण दीड हजार कॅलरींच्या अन्नावर ठेवले. वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. आणि मनाचे काय झाले? ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, मित्रांना टाळू लागले. दिवसभर जेवणाचाच विचार. ताटातले अन्न चिवडत तासन्‌तास बसायचे. ज्यांनी जन्मात चूल पाहिली नव्हती ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडून घेतली. पुन्हा अन्न सुरू झाल्यावर काहींना पोट भरल्याची जाणीवच होईना, खात सुटले. यांच्यापुढे ना सडपातळ नायिका होती, ना स्थळे पाहायला येणारी मंडळी. आजारी मुलीची जी लक्षणे आपण तिच्या ‘स्वभावावर’ घालतो, त्यातली बरीचशी नुसत्या उपासमारीची आहेत, हा या प्रयोगाचा धडा. उपाशी मेंदूशी किती बोलणार? आधी अन्न पोटात जायला हवे.

यावर घरातली मंडळी आनंदाने म्हणतील, मग आम्ही काय वेगळे सांगत होतो? शिरा करा, तूपभात भरवा. नाही. फार झिजलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले की इन्शुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, त्यांची रक्तातली पातळी घसरते आणि हृदय बंद पडू शकते. १९४५ साली छळछावण्या सुटल्यानंतर उपाशी कैद्यांच्या बाबतीत हे घडले होते. प्रेमाने भरवलेल्या पहिल्या चार ताटांनीही जीव जाऊ शकतो. किती, कशाच्या आधी काय, थायमिन केव्हा, रक्त कधी तपासायचे, हे माहीत असलेला माणूस शेजारी लागतो. तो म्हणजे प्रशिक्षित आहारतज्ज्ञ आणि त्याच्या मागे उभा असलेला फिजिशियन.

मग एकटा आहारतज्ज्ञ पुरे? तेही नाही, आणि याचा पुरावा तर स्पष्ट आहे. १९९९ साली छापलेल्या एका ब्रिटिश चाचणीत अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचे दोन गट केले: एकाला मानसोपचार, दुसऱ्याला फक्त आहारसल्ला. आहारसल्ल्याच्या गटातले सगळेच्या सगळे सोडून गेले. २००३ साली अमेरिकेत, इस्पितळात वजन भरून आलेल्या ३३ स्त्रियांवर अशीच तुलना झाली. नुसत्या आहार-मार्गदर्शनाच्या गटात ७३ टक्के स्त्रिया एकतर पुन्हा घसरल्या किंवा निघून गेल्या. विचार-वर्तन उपचारांच्या गटात २२ टक्के. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत निखालस सांगून टाकले की अ‍ॅनोरेक्सियावर एकटा आहारसल्ला हा उपचार म्हणून देऊ नये. इकडे आपण छापील चार्ट हातात देऊन मुलीला घरी पाठवतो, आणि तिने तो पाळला नाही की तिलाच हट्टी ठरवतो.

आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून काम करतात तेव्हा काय होते ते सांगतो, कारण आपल्याकडे फार थोड्यांनी ते पाहिले आहे. कॅलरींची वही बंद होते. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी, चार तासांहून मोठी फट नाही, भूक असो वा नसो. घरातला वजनकाटा माळ्यावर जातो. वजन आठवड्यातून एकदा, दवाखान्यात, सोबत बसून. मुलीला ज्यांची धास्ती आहे त्या पदार्थांची उतरंड लावली जाते: खाली भात, मग पोळीला तूप, वर कुठेतरी साबुदाणा वडा आणि श्रीखंड. एकेक पायरी आहारतज्ज्ञ तिच्याबरोबर बसून खातो, आणि वडा खाल्ल्यानंतरच्या तासाभरात मनात जे उसळते ते मानसशास्त्रज्ञाकडे जाते. ओकारी झालीच तर लगेच दात घासू नकोस, नुसती चूळ भर, इतकी बारीक सूचनाही त्यात असते. दोघांची फाइल एक. एकाने ‘थोडे वजन बरेच’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘आणखी वाढव’, असे झाले की त्या फटीतून आजार निसटतो.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मी पदरात घेतो. घरच्या ताटाला आणि घरच्या माणसांना खरेच ताकद आहे. गल यांचे मत उलटे होते; नातेवाईक हे अशा रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक, असे ते मानत, आणि पुढची शंभर वर्षे आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. ते मत लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळाने मोडले. १९८७ च्या त्यांच्या चाचणीत ८० रुग्ण होते. ज्यांचा आजार एकोणिसाच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांच्यात कुटुंबाला बरोबर घेणारे उपचार एकट्या रुग्णावरच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. पण ते आईबाप ‘खा, नाहीतर पाहा’ म्हणणारे नव्हते; ताटासमोर तासभर न रागावता, न रडता कसे बसायचे हे त्यांना शिकवलेले होते. आपल्याकडे तर आई, आजी, काकू, आत्या एवढे मनुष्यबळ घरातच आहे. शिकवत मात्र कोणी नाही.

आता पूर्वपक्षाची शेवटची तटबंदी: एवढी माणसे आणायची कुठून? आणायला नकोत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत पोषण आहे आणि मानसिक आरोग्यही आहे, एकाच कागदावर. महाराष्ट्रात त्या कार्यक्रमाची किशोरवयीनांसाठीची केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ नावाने चालतात. तिथे हिमोग्लोबिन पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात, समुपदेशक असतो. लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ साली मांडलेली पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ चाचणी त्याच टेबलावर होऊ शकते: पोट जड झाले म्हणून मुद्दाम ओकतेस का, किती खातेस यावरचा ताबा सुटला असे वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त उतरलीस का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजतेस का, अन्नाने आयुष्य व्यापून टाकले आहे का. दोन उत्तरे ‘हो’ आली की पुढे पाठवायचे. चौथा प्रश्न आपल्या मुलींत अनेकदा वाया जाईल, हे हाँगकाँग आणि दिल्लीने दाखवले आहेच. त्याच्या जोडीला एक आपला घालावा: आठवड्यात उपवास किती, आणि सोडताना काय खाल्लेस? हिमोग्लोबिनची सुई टोचायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा फार जास्त वेळ याला लागणार नाही.